आडनावाचा रकाना

झोटेरो हे संदर्भ सांभाळणारे मोफत सॉफ्टवेअर. त्यात आयएसबीएन टाकला की पुस्तकाची नोंद बहुधा आपोआप भरते. पण शेख महंमदांच्या ‘योगसंग्रामा’ची माझ्याकडची जुनी प्रत १९७०च्या आधीची, तिला तो क्रमांकच नाही. सगळे हाताने भरले. आडनावाच्या रकान्यात सवयीने ‘महंमद’ लिहिले आणि श्रीगोंद्याचे हे संतकवी ‘म’खाली गेले. शोधणारा त्यांना ‘श’खाली शोधणार! मुळात इथे आडनाव नाहीच. उपाय सोपा आहे: दोन रकान्यांचा एक करा, नाव पूर्ण लिहा. मराठी मुसलमानांचे लेखन सापडत नाही, अशी आपली नेहमीची तक्रार. मग आपल्या हातची नोंद तरी आपण नीट करायला नको का?