शहराचे पाणी आणि शहराची भाषा : व्हिएन्नाच्या महापालिकेचा धडा

सीमाप्रश्नाची चर्चा आपण बहुधा राज्यांच्या आणि न्यायालयांच्या पातळीवर करतो. १९५६ची राज्यपुनर्रचना, महाजन आयोगाचा अहवाल, सर्वोच्च न्यायालयातील २००४चा दावा, या टप्प्यांभोवतीच आपले बहुतेक लेखन फिरत राहते. ते आवश्यक आहेच. परंतु भाषेचे रोजचे भवितव्य पुष्कळदा त्याहून लहान जागी ठरते. घरपट्टीची नोटीस कोणत्या लिपीत यावी, चौकातील पाटीवर कोणती भाषा असावी, शाळेला खोल्या मिळाव्यात की नाही, हे निर्णय नगरपालिकेच्या कचेरीत होतात. म्हणून शहराची सत्ता कोणाच्या हाती आहे आणि ती भाषेकडे कोणत्या दृष्टीने पाहते, हा प्रश्न भाषिक अल्पसंख्याकांनी राजधानीतील सत्तेइतकाच गांभीर्याने घ्यावयास हवा. या बाबतीत ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना आणि तेथे १८९७ ते १९१९ या काळात शहराचा कारभार करणारा ख्रिस्ती सामाजिक पक्ष, यांचा इतिहास आम्हांस फार बोधप्रद वाटतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिएन्नाची नगरसभा उदारमतवाद्यांच्या ताब्यात होती. मताधिकार कर भरणाऱ्यांपुरता मर्यादित होता आणि त्यातही करदात्यांचे वर्ग पाडलेले होते. १८८५ साली कराची किमान मर्यादा दहा गुल्डनवरून पाचवर आली आणि शिंपी, चांभार, सुतार, लहान दुकानदार असा एक नवा मतदार नगरसभेच्या राजकारणात उतरला. कारखान्यांच्या आणि मोठ्या भांडवलाच्या स्पर्धेने हा वर्ग धास्तावलेला होता. त्याची भीती ज्याने अचूक ओळखली, तो पुढारी म्हणजे कार्ल लुएगर. तंत्रशाळेतील एका शिपायाचा हा मुलगा वकील झाला, १८७५ साली प्रथम नगरसभेवर निवडून गेला आणि आरंभी उदारमतवाद्यांबरोबरच होता. १८९३ साली त्याने ख्रिस्ती सामाजिक पक्ष उभारला. धर्मसंस्था, कुटुंब, राजनिष्ठा आणि लहान कारागिराचे संरक्षण ही या पुराणमतवादी पक्षाची घोषित तत्त्वे होती, आणि ज्यूद्वेष हे त्याचे उघड हत्यार होते. १८९५ साली पक्षाला नगरसभेत बहुमत मिळाले. सम्राट फ्रान्झ योझेफ याने लुएगरच्या निवडीला वारंवार मान्यता नाकारली. अखेर एप्रिल १८९७मध्ये त्याला ती द्यावी लागली.

या पक्षाचा कारभार अकार्यक्षम होता असे कोणी म्हणणार नाही, आणि आमच्या विवेचनाचा खरा मुद्दा येथेच सुरू होतो. शहराला गॅस पुरविण्याचे काम तोवर एका इंग्रज कंपनीकडे होते. १८९९ साली झिमरिंग येथे पालिकेचा स्वतःचा गॅस कारखाना सुरू झाला. १९०२ साली पालिकेची वीज आली आणि ट्राम शहराच्या मालकीची झाली. १९०४ साली लाइन्झ येथे वृद्धांसाठी मोठा आश्रम उघडला. १९०५ साली शहराभोवतीची वने आणि कुरणे बांधकामापासून राखून ठेवण्याचा निर्णय झाला. स्टायरियाच्या डोंगरांतील झऱ्यांचे पाणी आणणारी दुसरी जलवाहिनी १९१०च्या डिसेंबरात, म्हणजे लुएगरच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, वाहू लागली. ती आजही व्हिएन्नाची तहान भागविते. शहर चालविणे म्हणजे काय, हे या लोकांना निश्चित ठाऊक होते.

त्याच शहरात त्या काळी एक लाखाहून अधिक चेक भाषक राहत होते. १९०० साली व्हिएन्नाची लोकसंख्या सुमारे पावणेसतरा लाख होती. बोहेमिया आणि मोराविया या प्रांतांतून पोटासाठी आलेले हे लोक शिवणकाम आणि चांभारकाम करीत. त्यांच्या मुली घरोघरी मोलकरणी आणि दाया म्हणून राबत. शहराच्या दक्षिणेकडील वीटभट्ट्यांवर तर बहुतांश मजूर चेकच होते. तेथे मजुरी रोख न देता भट्टीमालकाच्याच दुकानात चालणारे पत्र्याचे बिल्ले देत. डॉ. व्हिक्टर आडलर यांनी १८८८ साली हा प्रकार चव्हाट्यावर आणला. ज्या भव्य इमारतींसाठी व्हिएन्ना प्रसिद्ध आहे, त्यांच्या विटा या हातांनी पाडल्या.

लुएगरला मान्यता मिळाली त्याच एप्रिल १८९७मध्ये पंतप्रधान बाडेनी याने बोहेमियासाठी भाषाविषयक आदेश काढले. तेथील सरकारी अधिकाऱ्यांना चेक आणि जर्मन या दोन्ही भाषा आल्या पाहिजेत, असे ते आदेश सांगत होते. चेक माणसाला जर्मन येत असेच, चेक शिकण्याची पाळी जर्मन अधिकाऱ्यांवर आली होती. एवढ्यावरून संसदेत आणि रस्त्यांवर अभूतपूर्व दंगा उसळला, नोव्हेंबरात बाडेनीला जावे लागले आणि पुढे ते आदेशही रद्द झाले. ‘दुसऱ्याने माझी भाषा शिकावी हा नियम आणि मी दुसऱ्याची शिकावी हा अन्याय’ ही वृत्ती सीमाभागातील वाचकांना अपरिचित नाही.

या वातावरणात व्हिएन्नाच्या सत्ताधाऱ्यांनी आपला मार्ग निवडला. जर्मन राष्ट्रवादी त्यांचे प्रतिस्पर्धी होते आणि आपण जर्मनत्वात त्यांच्याहून उणे नाही, हे त्यांना दाखवावयाचे होते. १९०० साली नगरीचे नवे संविधान आले. त्यानुसार शहराच्या नागरिकत्वाचा मानाचा दर्जा घेणाऱ्याला, शहराचे जर्मन स्वरूप आपण यथाशक्ती राखू, अशी शपथ घ्यावी लागे. या शपथेने कोणाला हाकलून दिले नाही, कोणाच्या बोलण्यावर दंड बसविला नाही. चेक शिंपी शहरात राहू शकत होता, कर भरू शकत होता, शपथ घेतली तर सन्मानाने नागरिकही होऊ शकत होता. अट एवढीच होती की त्याने आपल्या भाषेला शहराबाहेर ठेवावे आणि ती बाहेरच राहील याची हमी स्वतःच्या तोंडाने द्यावी. जो विरघळायला तयार होता, त्याच्याशी ही सत्ता सौजन्याने वागे. आमच्या मते उघड जुलुमापेक्षा ही रीत अधिक परिणामकारक ठरते, कारण तिला प्रतिकार करणारा माणूस हट्टी आणि कृतघ्न दिसू लागतो.

दुसरे साधन जनगणनेचे. ऑस्ट्रियाच्या जनगणनेत मातृभाषा विचारीत नसत, ‘व्यवहारभाषा’ विचारीत. मालकाच्या घरी राहणारी चेक मोलकरीण दिवसभर मालकिणीशी जर्मनच बोलणार, तेव्हा तिची व्यवहारभाषा जर्मन ठरे. १९०० ते १९१० या दहा वर्षांत शहराची लोकसंख्या वाढून वीस लाखांपलीकडे गेली, आणि नोंदलेल्या चेक भाषकांची संख्या मात्र वाढण्याऐवजी एक लाखाच्या खाली आली. प्रश्नातील एक शब्द बदलला की माणसे न हलविता भाषा हलविता येते.

तिसरे साधन शाळेचे. व्हिएन्नातील चेक लोकांनी १८७२ साली ‘कोमेन्स्की’ नावाची शिक्षणसंस्था स्थापन केली. १८८३ साली फावोरिटन या कामगारवस्तीत तिची पहिली शाळा सुरू झाली. पालिकेकडून चेक माध्यमाची सार्वजनिक शाळा मिळण्याची आशा नव्हती. वर्गण्या, नाटके, मेळे यांतून पैसा उभा करून लोकांनी ती शाळा चालविली. पाण्यासाठी डोंगर फोडणाऱ्या पालिकेकडे या मुलांसाठी त्यांच्या भाषेतील चार भिंती नव्हत्या, आणि ही टंचाई पैशाची नव्हती.

हे सारे इतकी वर्षे निर्वेध कसे चालले? उत्तर मताधिकारात आहे. वीटभट्टीवरचा मजूर आणि घरकाम करणारी मुलगी मतदारयादीत नव्हतीच. १९०० साली सर्वसामान्य पुरुषांसाठी मतदारांचा चौथा वर्ग निर्माण झाला, पण १५८ जागांपैकी केवळ २० त्याच्या वाट्याला आल्या. हा बांध १९१९ साली फुटला. स्त्रीपुरुषांच्या समान मताधिकाराने झालेल्या मे महिन्यातील निवडणुकीत १६५पैकी १०० जागा समाजवादी लोकशाहीवाद्यांना मिळाल्या, ख्रिस्ती सामाजिक पक्ष ५०वर आला, आणि चेकोस्लोव्हाक यादीचे ८ प्रतिनिधी नगरसभेत बसले. पुढल्याच वर्षी झालेल्या ब्रनोच्या कराराने चेक मुलांसाठी सार्वजनिक शाळांची तरतूद झाली. ज्या भाषेला शपथेने बाहेर ठेवले होते, तिचे मतदार मोजताच ती सभागृहात आली.

तरीही हा विजय पूर्ण नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. महायुद्धानंतर अनेक चेक कुटुंबे नव्या चेकोस्लोव्हाकियात परतली. मागे राहिलेल्यांपैकी असंख्य घरांत भाषा एक-दोन पिढ्यांत विझली. आज व्हिएन्नात चेक आडनावे पावलोपावली आढळतात, त्या आडनावांची भाषा बोलणारी घरे मात्र थोडी. जे टिकले ते मुख्यतः संस्थांच्या बळावर टिकले. कोमेन्स्की शाळा आजही त्या शहरात चालू आहे.

आता आपल्या अंगणाकडे वळू. ज्यूद्वेषावर पोसलेल्या एका पक्षाशी आजच्या कोणत्याही पक्षाची बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. लुएगरच्या राजकारणाची प्रशंसा करणाऱ्या हिटलरने पुढे काय केले, हे जगाला ठाऊक आहे, आणि स्वतः व्हिएन्नानेही २०१२ साली आपल्या प्रसिद्ध वर्तुळमार्गाच्या एका भागाला असलेले त्याचे नाव काढून टाकले. आम्ही तुलना करतो ती प्रशासनाच्या साधनांची. बेळगाव महानगरपालिकेने २००५ साली महाराष्ट्रात विलीन होण्याचा ठराव केला, तेव्हा कर्नाटक सरकारने ती सभाच बरखास्त केली. त्या काळापर्यंत आपल्या नगरसेवकांची ओळख प्रामुख्याने भाषेवरून होत असे. २०२१ साली प्रथमच पक्षचिन्हांवर निवडणूक झाली आणि ५८पैकी ३५ जागा जिंकून भारतीय जनता पक्षाने सत्ता मिळविली. निवडून आलेल्यांत मराठी भाषकही आहेत. मतदाराने कोणाला मत द्यावे हे सांगणारे आम्ही कोण? रस्ते, पाणी, कचरा यांवर मत देणे हा त्याचा हक्क आहे. आमचा आग्रह एवढाच की, मत मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाला, पुराणमतवादी असो वा पुरोगामी, पाण्याबरोबरच कागदाविषयीही विचारावे : ‘निवडून आल्यावर आमच्या भाषेतील कागद आम्हांला मिळतील काय?’

या प्रश्नाला घटनेचा आणि केंद्राच्या संमत धोरणाचा आधार आहे. अनुच्छेद ३५०-क प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची जबाबदारी राज्यांवर आणि स्थानिक संस्थांवर टाकतो. ‘स्थानिक संस्था’ हे शब्द त्या अनुच्छेदातच आहेत, म्हणजे नगरपालिका त्यातून सुटत नाही. जेथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक असतील, तेथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेत प्रसिद्ध व्हावेत, हे १९५६पासूनचे तत्त्व आहे. मोर्चात आपण हे तत्त्व ऐकतो, पण प्रभागातील नगरसेवकाकडे लेखी मागणी घेऊन जाणारे आपल्यात किती आहेत?

हाच प्रश्न महाराष्ट्रालाही लागू आहे. सोलापूर, अक्कलकोट, जत येथे कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. त्या शाळांना खोल्या, शिक्षक आणि पुस्तके वेळेवर मिळावीत, असे आम्ही तितक्याच आवाजात म्हणू, तेव्हाच बेळगाव, निपाणी, खानापूर येथील आमच्या मागणीला नैतिक वजन येईल. शहराचे ‘स्वरूप’ राखण्याची शपथ बहुसंख्याकाच्या तोंडी नेहमीच गोड लागते, मग ते बहुसंख्याक आपण का असेनात.

सीमेपलीकडील मराठी बांधवांना, मग ते इंदूर-ग्वाल्हेरचे असोत, बडोदे-हैदराबादचे असोत वा गोव्याचे, आमची एक विनंती आहे. व्हिएन्नाच्या त्या मोलकरणीला तिची मातृभाषा कोणी विचारलीच नाही. आपल्या जनगणनेत ती विचारली जाते, आणि बालपणी आई जी भाषा मुलाशी बोलली ती मातृभाषा, अशी तिची व्याख्याही दिलेली आहे. घराबाहेर आपण कन्नड, हिंदी, गुजराती किंवा तेलुगू कितीही सफाईने बोलत असू, त्या रकान्याशी त्याचा संबंध नाही. गणक दारी येईल तेव्हा घरातील जाणत्या माणसाने समोर बसावे, उत्तर स्पष्ट शब्दांत द्यावे आणि ‘मराठी’ असे नोंदले गेले आहे याची खात्री करून घ्यावी. १५ टक्क्यांचा हिशेब त्याच नोंदींवरून होतो.