तेरीज जुळली, तरी खाते चुकले

गेल्या महिन्यात माझी भाची चार दिवस आमच्याकडे मुक्कामाला होती. ती जीवशास्त्रात संशोधन करते. प्रयोगाच्या निरनिराळ्या फेऱ्यांचे तीसेक तक्ते एकत्र करून त्यांची एकच स्वच्छ एक्सेल फाइल तिने मार्गदर्शकांकडे पाठवली होती. रात्री जेवणानंतर तिने संगणक माझ्यापुढे सरकवला आणि विचारले, "मामा, जनुकांच्या नावांच्या रकान्यात ही १ मार्च तारीख कुठून आली?"

जनुकांतले मला काही कळत नाही. पण तक्त्यांत माझी सारी नोकरी गेली. शोध घेतला तेव्हा समजले की हे दुखणे जुने आहे. 'मार्च १', 'सेप्ट २' अशी काही जनुकांची नावे होती. एक्सेल त्यांना तारखा समजते आणि कोणालाही न विचारता बदलून टाकते. 'जिनोम बायॉलॉजी' या नियतकालिकात २०१६ साली आलेल्या पाहणीत, एक्सेलमधील जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका आढळल्या. अखेर २०२० मध्ये नामकरण समितीने या जनुकांची नावेच बदलल्याचे जाहीर केले. जुन्या तक्त्यांत मात्र जुनीच नावे आहेत. त्यातही 'मार्च १' आणि 'मार्क १' ही दोन वेगळी जनुके एकाच तारखेत रूपांतरित होतात. मग मूळ नाव कोणते, हे त्या तारखेवरून ओळखता येत नाही.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये याहून गंभीर प्रकार घडला. कोरोना चाचण्यांचे प्रयोगशाळांकडून आलेले तक्ते 'पब्लिक हेल्थ इंग्लंड' ही संस्था एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये एकत्र करीत होती. त्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात. पुढच्या ओळी गळून पडल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातील १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीत आलेच नाहीत. त्या रुग्णांना आपला अहवाल कळला होता. परंतु त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध काही दिवस लांबला.

मी भाचीला विचारले, "तीस तक्त्यांतील ओळींची बेरीज किती, आणि एकत्र तक्त्यात ओळी किती?" तिने ते मोजलेच नव्हते. "पण एकूण बेरीज जुळते," ती म्हणाली. तेव्हा मी तिला माझी एक चूक सांगितली.

आमच्या शाखेत संगणक नवा होता. खातेदारांची यादी एका फाइलमध्ये आणि व्याजाची रक्कम दुसऱ्या फाइलमध्ये होती. एक यादी नावाच्या क्रमाने लावलेली, दुसरी खातेक्रमांकाच्या. दोन्ही शेजारी शेजारी चिकटवल्या गेल्या. एकूण रक्कम पैशापर्यंत जुळली, म्हणून मी सही केली. एका विधवा भगिनीचे व्याज भलत्याच खात्यात गेले. त्या तीन वेळा काउंटरवर आल्या आणि तिन्ही वेळा मी त्यांना "हिशेब जुळलेला आहे" असे सांगून परत पाठवले. चूक पुढे सुधारली गेली; माझे ते उत्तर मात्र मला आजही बोचते.

म्हणून तक्ते जोडताना मी काही नियम पाळतो. मूळ फाइल ही कच्ची कीर्द. तिला हात लावायचा नाही, काम नकलेवर करायचे. सर्व तक्त्यांचे मथळे आणि मापे एक करावीत. एका ठिकाणी ग्रॅम आणि दुसरीकडे मिलिग्रॅम असे नको. एका ओळीत एकच नोंद असावी. मध्येच बेरजा नकोत, जोडलेले चौकोन नकोत. नोंद कोणत्या तक्त्यातून आली, यासाठी वेगळा रकाना ठेवावा. जोडणी ओळींच्या क्रमावर न सोडता प्रत्येक नोंदीच्या स्वतंत्र क्रमांकाने करावी. आधीच्या आणि नंतरच्या ओळी मोजाव्यात. मग कोणत्याही दहा ओळी उचलून मुळाशी ताडून पाहाव्यात.

शेवटी फाइल सीएसव्ही स्वरूपात दिली, तरी ती एक्सेलमध्ये नुसती क्लिक करून उघडू नये. त्या फाइलमध्ये रकान्याचा प्रकार साठवला जात नाही आणि एक्सेल पुन्हा आपला अंदाज चालवते. फाइल आयात करताना सांकेतिक रकाने 'मजकूर' म्हणून नेमून द्यावेत.

आपल्या पेढीवरही हेच घडते. डाळींचा एचएसएन संकेतांक ०७१३ हा नुसता ७१३ होतो. सोळा आकडी खातेक्रमांक संख्या म्हणून भरला, तर एक्सेल पंधराच आकडे जपते आणि शेवटच्या आकड्याचे शून्य करते. पैसे पाठवण्याच्या यादीत हा शेवटचा आकडा किती महाग पडेल, हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

भाचीने मूळ फाइलींवरून सारे काम पुन्हा केले. त्यात तिची सुट्टी संपली. आधी पाठवलेली फाइल सदोष असल्याचे पत्र तिने मार्गदर्शकांना स्वतः लिहिले. पाठवण्यापूर्वी तिने ते मला वाचून दाखवले. तसे पत्र त्या भगिनींना मी कधी लिहिले नव्हते.