मुसाफिर व्हायला किती किलोमीटर लागतात?

दिवाळीच्या सुट्या संपल्या की शाळाशाळांतून सहलीची बोलणी सुरू होतात. आमच्या वाशीम जिल्ह्यात ठिकाणांची यादी जवळपास ठरलेली असते. मराठी शाळांची मुले शेगाव, लोणार, वेरूळ-अजिंठ्याला जातात. हिंमत केली तर रायगडला. उर्दू शाळांची मुले दौलताबाद, खुलताबाद, बीबी का मकबरा, नाही तर नागपूरला जातात. ठिकाणे सगळी चांगलीच आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण या यादीत कारंजा नसते, मंगरूळपीर नसते, शिरपूर नसते, पोहरादेवी नसते. आपल्या जिल्ह्यातली गावे पाहण्यासारखी आहेत, असे आपल्याला वाटतच नाही. तिथे आपण लग्नाला जातो, मयतीला जातो, बाजाराला, कोर्टाच्या तारखेला किंवा नवसाला जातो. नुसते गाव पाहायला कोणी जात नाही.

मी उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवतो. त्यामुळे शब्दांकडे जरा थांबून पाहण्याची सवय आहे. 'प्रवासी' हा शब्द आता बसच्या तिकिटापुरता उरला. 'पर्यटक' म्हटले की खिशात पैसा आणि गळ्यात कॅमेरा आला. 'यात्रेकरू' आपल्या श्रद्धेपोटी निघतो आणि दर्शन झाले की परततो. या सगळ्यांपेक्षा 'मुसाफिर' वेगळा. तो सफर करतो, आणि सफर या अरबी शब्दाच्या मुळाशी उघडे होणे, उजळणे असाही अर्थ आहे. जुने आलिम सांगत, की सफर माणसाचा स्वभाव उघडा करते म्हणून तिला सफर म्हणतात.

आपल्या दीनने मुसाफिराला मोठा मान दिला आहे. जकात ज्या आठ जणांसाठी आहे, त्यांत वाटेत अडचणीत सापडलेला मुसाफिर आहे. त्याला चार रकातींच्या फर्ज नमाजेत दोनच पढायच्या असतात, रमजानचे रोजे मागाहून पुरे करायची मुभा असते. कुरआनात एकदा नव्हे, अनेकदा जमिनीवर हिंडून आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहायला सांगितले आहे. आणि सुरह हुजुरातमध्ये माणसांच्या वेगवेगळ्या कौमा आणि कबिले कशासाठी केले, याचे कारण दिले आहे: एकमेकांना ओळखावे म्हणून. दूर राहावे म्हणून नव्हे, वरचढ ठरावे म्हणूनही नव्हे.

आता आमच्याकडचा, म्हणजे हनफी मसलकचा हिशेब पाहा. साधारण ४८ मैल, म्हणजे ७७ किलोमीटरच्या आसपास जायचे असेल तर माणूस शरीअतच्या दृष्टीने मुसाफिर होतो. वाशीमहून कारंजा साठ-पासष्ट किलोमीटर. म्हणजे वाशीमचा माणूस कारंज्याला गेला तर नमाज पूर्णच पढणार, तो मुसाफिर ठरतच नाही! फिकहचा हिशेब आपल्या जागी अगदी बरोबर आहे. पण ओळखीचा हिशेब किलोमीटरमध्ये होत नाही. वाशीमच्या कितीतरी मुसलमान घरांतून माणसे उमऱ्याला जाऊन आली, आखातात नोकरी करून आली. कारंज्याच्या वेशीतून आत गेलेली त्यांच्यात किती? शेजारच्या हिंदू घरांतून तिरुपती झाले, वैष्णोदेवी झाली. मंगरूळपीरची दर्गाह मात्र बसच्या खिडकीतूनही पाहिली नाही. ही अंतरे कोणत्या मैलांत मोजणार?

मागे एका रविवारी एसटीने कारंज्याला गेलो. काम काहीच नव्हते. उतरल्यावर टपरीवर तर्री-पोहे घेतले. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारले, "कोण्या गावचे हो तुम्ही?" वाशीमचा म्हटले. "मंग इकडं काय काम काढलं?" म्हटले, काम नाही, गाव पाहायला आलो. ते हसले. "गावात काय पाह्याचं राह्यलं आता?"

पाहायचे पुष्कळ राहिले आहे. कारंज्याला जुन्या चार वेशी आहेत: दिल्ली वेस, दारव्हा वेस, पोहा वेस आणि मंगरूळ वेस. ज्या गावाची एक वेस दिल्लीचे नाव सांगते, ते गाव कधी काळी किती लांबच्या माणसांची वाट पाहत असेल, याचा विचार करा. दत्तसंप्रदायाचे नृसिंहसरस्वती चौदाव्या शतकात इथे जन्मले. त्यांच्या गुरुमंदिराकडे महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कानाकोपऱ्यातून लोक येतात. दिगंबर जैनांची तीन जुनी मंदिरे आहेत आणि त्यांच्याकडे शतकानुशतके सांभाळलेली हस्तलिखिते. अमरावतीच्या कॉलेजात शिकवणारे डॉ. हिरालाल जैन यांनी १९३० च्या दशकात या भांडारातले अपभ्रंश भाषेतले ग्रंथ संपादित करून छापले, तेव्हा देशभरच्या भाषापंडितांची नजर या गावाकडे वळली.

अपभ्रंश म्हणजे काय? संस्कृत-प्राकृतानंतरची आणि आपल्या आजच्या भाषांच्या आधीची पायरी. मराठीच्या मागेही अपभ्रंश आहे, हिंदी-उर्दूच्या मागेही आहे. मी वर्गात ज्या दोन भाषा शिकवतो, त्या दोघींच्या पूर्वजांची कागदपत्रे एका जैन मंदिराने सांभाळून ठेवली. उर्दू ही परकी भाषा आहे असे म्हणणाऱ्यांनी, आणि मराठी आपली नाही असे समजणाऱ्या आमच्या काही भाऊबंदांनीही, एकदा या गावाच्या गल्लीत उभे राहून विचार करावा.

कारंजा कापसाचे गाव. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची 'शकुंतला' कापसासाठीच इंग्रज कंपनीने टाकली आणि ती इथून जायची. काही वर्षांपूर्वी ती बंद पडली. आता जिल्ह्यातून मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग जातो, ७०१ किलोमीटरचा. कारंजा, शेलूबाजार, मालेगाव ही नावे त्यावरच्या हिरव्या पाट्यांवर दिसतात. शकुंतला इतकी हळू जायची की माणसे खिडकीतून बोलत. महामार्गावरून ताशी १२० च्या वेगाने जाणाऱ्याला आमचा जिल्हा म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाचे पठार. रस्ता चांगलाच आहे, आमचा माल लवकर पोहोचतो. पण रस्त्याने जाणे म्हणजे गावाला जाणे नव्हे.

मंगरूळपीरचे नावच बघा. विदर्भात मंगरूळ नावाची गावे अनेक. ओळखायचे कसे? एकाला हजरत हयात कलंदर यांच्यामुळे 'पीर' जोडले, अमरावतीकडच्या दुसऱ्याला 'दस्तगीर'. वऱ्हाडच्या शेतकऱ्याने आपल्या गावांची ओळख पटवायला दोन्ही वेळा मुसलमान बुजुर्गांची नावे घेतली आणि त्यात त्याला काही वावगे वाटले नाही. त्याच मंगरूळपीरला बिरबलनाथ महाराजांची यात्रा भरते. मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे, बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे, आणि २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालयही सुरू झाले. मालेगाव तालुक्यात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ. आणि खुद्द वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. तिथला राजा सर्वसेन याने प्राकृतात काव्य लिहिले. त्याच घराण्यातल्या हरिषेणाच्या प्रधानाने अजिंठ्याचे एक लेणे कोरवून घेतले. आमची मुले अजिंठा पाहायला जातात, पण त्या अजिंठ्याचा धनी आपल्या गावातून राज्य करत होता हे त्यांना कोणी सांगत नाही.

एवढ्या लहान जिल्ह्यात एवढी गर्दी. पण नीट पाहिले तर प्रत्येकाची वाट वेगळी. जैन शिरपूरला, दत्तभक्त कारंज्याला, बंजारा पोहरादेवीला, आम्ही दर्गाहला. सगळे एकाच एसटीत बसतात आणि आपापल्या फाट्यावर उतरतात. दुसऱ्याच्या फाट्यावर कोणी उतरत नाही.

यात नुकसान कोणाचे? मुलांचे. वर्गात मी कधी विचारतो, कारंज्यात काय आहे? उत्तर येते, 'मामू का घर.' मराठी शाळेतल्या मुलाला मंगरूळपीरच्या दर्गाहत काय असते विचारले तर तो घाबरतो. ज्याला आपण पाहिले नाही त्याची भीती वाटते, आणि ही भीती आता मोबाइलवर फुकट मिळते. शेजारच्या मोहल्ल्याबद्दल मुलाला जे काही ठाऊक असते, ते तिथे कधी न गेलेल्या माणसाने पाठवलेल्या व्हिडिओवरून. हा माझ्या मते आज शिक्षणापुढचा मोठा प्रश्न आहे, आणि त्याला पाठ्यपुस्तक पुरे पडत नाही.

आमच्यातून यावर हरकती येतात, त्या मी ऐकून आहे. पहिली, देवळात जाणे शिर्क नाही का? भाई, इबादत आणि पाहणे यांत फरक आहे. अल-बिरुनी संस्कृत शिकला, पंडितांपाशी बसला आणि १०३० च्या सुमारास त्याने हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने हिंदूंच्या श्रद्धा त्यांच्याच ग्रंथांच्या आधाराने मांडल्या. त्याचे ईमान त्याच्यापाशीच राहिले. इब्न बतूता चौदाव्या शतकात दौलताबादहून नंदुरबारला आला. तिथले मराठे काय खातात, कोणत्या हुनरात तरबेज आहेत, हे त्याने आदराने नोंदवले. गाभाऱ्यात जाऊ नका, तिथला नियम पाळा, बाहेर उभे राहून पाहा. पाहायला कोणी मना केले?

दुसरी हरकत जास्त खरी आहे. 'आपले नाव ऐकून लोक बदलतात.' बदलतात. एका शहरात लॉजवर खोली आहे म्हणून सांगितले, रजिस्टरात नाव लिहिल्यावर ती खोली 'आधीच बुक' निघाली. मी हे विसरलेलो नाही आणि दुसऱ्यांनी विसरावे असेही म्हणत नाही. दाढी-टोपीच्या मुलाने अनोळखी गल्लीत फोटो काढला तर काय प्रश्न विचारले जातील याची धास्ती आई-बापांना वाटते, ती खोटी नाही. पण घरी बसून ती कमी होणार नाही. जिथे आपण कधीच दिसत नाही, तिथे आपण दिसलो की संशय येतो. दिसत राहिलो तर सवय होते. आणि खोली नाकारणारा एक असेल, तर टपरीवर पोह्यांचे पैसे न घेता "पुन्हा या, पोराबाळांना घेऊन या" म्हणणारे ते कारंज्याचे म्हातारे गृहस्थही याच जिल्ह्यातले आहेत.

हे ब्लॉग वाचणाऱ्या मुस्लिमेतर मित्रांनाही तेवढेच म्हणणे आहे. आमच्या वस्तीत तुम्ही येता ते मतदानाच्या आधी, सर्वेक्षणाला, किंवा ईदच्या शीरखुर्म्याला. शीरखुर्मा गोडच असतो, पण तो वर्षातून एकदा. कधी काही कारण नसताना या. उर्दू शाळेत भिंतीवर मुलांनी लिहिलेले तक्ते पाहा. वाचता आले नाहीत तर विचारा, मुले हौसेने सांगतील.

नीती आयोगाने २०१८ मध्ये 'आकांक्षित' जिल्हे ठरवले. महाराष्ट्रातले चार होते, त्यांत वाशीम एक. तेव्हापासून बाहेरचा माणूस येतो तो आमची उणीव मोजायला. शाळा किती, दवाखाने किती, पाणी किती. ते मोजलेच पाहिजे, ती कामे झालीच पाहिजेत. पण उणीव मोजणारा डोळा निराळा आणि मुसाफिराचा डोळा निराळा. काय नाही याची यादी सरकारकडे आहे. काय आहे याची यादी आपण करायची आहे. दया नको, नवलाईचा तमाशाही नको. विचारून फोटो काढावा, गावच्याच दुकानातून काही घ्यावे, आणि आपण बोलण्यापेक्षा जास्त ऐकावे. मुसाफिराचे आदब एवढेच.

म्हणून एक साधी सूचना करतो. या वर्षी एक उर्दू शाळा आणि एक मराठी शाळा यांनी मिळून जिल्ह्यातल्या जिल्ह्यात एक दिवसाची सहल काढावी. शाळेच्या सहलीला एसटीत ५० टक्के सवलत मिळते. सकाळी मंगरूळपीर, दुपारी कारंजा, संध्याकाळी घरी. डबे घरचे, पण जेवण एकत्र. दर्गाहत मराठी शाळेच्या मुलांना उर्दूच्या मुलांनी माहिती द्यावी, कारंज्यात उलट. मुक्कामाचा खर्च नाही आणि परवानगीलाही अडचण येऊ नये.

आमचे हे पठार पाणलोटाचे आहे. याच जिल्ह्यातला काही पाऊस काटेपूर्णेतून तापीला आणि अरबी समुद्राला जातो, काही पैनगंगेतून गोदावरीला आणि बंगालच्या उपसागराला. पाण्याला वाट बदलता येत नाही. माणसाला येते. पुढच्या वेळी एसटीत बसाल, तेव्हा एक फाटा आधी किंवा एक फाटा पुढे उतरून पाहा.