'पेरेनियल' म्हणजे नुसतं 'कायमचा' नव्हे

शिक्षक मित्रांनो, पालकांनो, 'पेरेनियल' या विशेषणाचा अर्थ 'कायमचा' असा सांगून आपण मोकळे होतो. माझ्या मते घोळ इथंच होतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'वर्षभर टिकणारा'.

नदीसोबत आला की तो 'बारमाही'. गंगेला उन्हाळ्यातही हिमालयातल्या बर्फाचं पाणी मिळतं. आपल्या गंगाखेडची गोदावरी पावसावर, म्हणून उन्हाळ्यात तिची धार रोडावते. झाडासोबत आला की 'बहुवर्षायू'. आपल्या कृषी विद्यापीठाची 'परभणी क्रांती' भेंडी एका हंगामात संपते, आंबा मात्र वर्षानुवर्षे उभा असतो. 'प्रॉब्लेम'सोबत आला की 'पुन्हा पुन्हा उद्भवणारा'. मराठवाड्यातली पाणीटंचाई तशीच.

नोकरी 'पर्मनंट' असते, टंचाई 'पेरेनियल'. दोन्हींना 'कायमचं' म्हटलं, तर टंचाई हटणारच नाही असं लेकरू धरून चालेल. पुन्हा येणारी म्हटलं, तर ती यायच्या आधी काय करायचं, हे तरी विचारील.

म्हणून शब्द एकटा पाठ करून घेऊ नका. नदी, झाड, प्रॉब्लेम अशा जोडीनंच वहीत लिहून घ्या. वाक्यं मात्र मुलांना स्वतःच्या गावावरूनच करू द्या.