कोर्टाची पायरी आणि अमेरिकेची राज्यघटना

'शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये' ही म्हण आमच्या खेड्यापाड्यांत पोरासोरांनाही पाठ असते. बांधाच्या भांडणापायीं ज्यांचें शेत गेलें, त्यांच्या तोंडून ती निघाली आहे; म्हणून आम्ही तिला हंसत नाहीं. परंतु गरीबानें ती पायरी चढावयाचीच नाहीं असें एकदां ठरलें, म्हणजे ती इमारत कोणाच्या कामाची राहिली? ज्याच्या गांठीला पैसा आहे त्याच्या! यासाठीं कायद्याचें राज्य कसें चालतें व तें कोठें अडतें, हें शेतकऱ्यानें व कारागिरानें समजून घेतलें पाहिजे. आज आम्ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचें उदाहरण घेतों. त्या देशाशीं आमचा जुना ऋणानुबंध आहे. तेथील ज्या लोकांनीं गुलामांना मुक्त करण्यासाठीं खटपट केली, त्यांना जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक अर्पण केलें होतें.

त्या देशाची घटना १७८७ सालीं फिलाडेल्फिया शहरीं लिहिली गेली व १७८९ सालीं अंमलांत आली. दूरच्या राजाच्या हातीं सारी सत्ता असली म्हणजे रयतेचें काय होतें, हें त्या लोकांनीं इंग्रजी अंमलांत भोगलें होतें. म्हणून त्यांनीं सत्तेच्या तीन वांटण्या केल्या. कायदा करावयाचा काँग्रेसनें, तो अंमलांत आणावयाचा अध्यक्षानें, आणि तंटा पडल्यास निवाडा द्यावयाचा न्यायालयांनीं. काँग्रेसचीं दोन सभागृहें आहेत. एकांत ४३५ प्रतिनिधि लोकसंख्येच्या मानानें दर दोन वर्षांनीं निवडून येतात; दुसऱ्यांत, म्हणजे सिनेटांत, राज्य लहान असो कीं मोठें, प्रत्येकाचे दोनच, असे ५० राज्यांचे १०० सभासद सहा वर्षांसाठीं येतात. अध्यक्षाची मुदत चार वर्षांची.

यांतील खुबी अशी कीं, एकाचा हात दुसऱ्यानें धरलेला आहे. काँग्रेसनें केलेला कायदा अध्यक्ष परत पाठवूं शकतो. पण दोन्ही सभागृहांनीं तो दोन-तृतीयांश मतांनीं पुन्हां मंजूर केला, तर अध्यक्षाचें कांहीं चालत नाहीं. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश अध्यक्ष नेमतो. पण सिनेटनें रुकार दिल्याखेरीज ती नेमणूक होत नाहीं. एकदां खुर्चीवर बसलेल्या न्यायाधीशाला मात्र निकाल आवडला नाहीं म्हणून अध्यक्षालाही काढतां येत नाहीं. त्याची जागा तहहयात असते. दुकानांत तराजू एकाच्या हातीं, मापें दुसऱ्याच्या आणि हिशेबाची वही तिसऱ्याच्या हातीं असली, तर गिऱ्हाईक नाडलें जाण्याची भीति कमी असते. तसाच हा प्रकार आहे.

न्यायालयांच्या तेथें दोन शिड्या आहेत. प्रत्येक राज्याचीं आपलीं न्यायालयें असतात. चोरी, मारामारी, काडीमोड, जमीनजुमला असे बहुतेक खटले तेथेंच चालतात. दुसरी शिडी सबंध देशाची. तिच्या तळाशीं ९४ जिल्हा न्यायालयें, त्यांवर अपिलाचीं १३ न्यायालयें, आणि माथ्यावर एक सर्वोच्च न्यायालय. १८६९ सालापासून त्यांत नऊ न्यायाधीश बसतात. गंभीर गुन्ह्याच्या खटल्यांत आरोपीला ज्यूरीचा हक्क आहे, म्हणजे अपराधी कीं निरपराधी हें साध्या नागरिकांतून निवडलेले पंच ठरवितात. घटनेविरुद्ध असलेला कायदा रद्द समजावा, हा अधिकार सर्वोच्च न्यायालयानें १८०३ सालच्या एका निकालांत आपल्याकडे घेतला व तेव्हांपासून तो चालत आला आहे.

इतकें सारें ऐकून एखादा म्हणेल, मग तेथें गरीबाला न्याय मिळालाच असेल! वाचकहो, येथेंच खरी गोम आहे. ड्रेड स्कॉट नांवाचा एक काळा गुलाम होता. त्याच्या धन्यानें त्याला गुलामगिरी बंद असलेल्या मुलखांत नेऊन ठेवलें होतें. म्हणून आपण स्वतंत्र झालों, असा दावा त्यानें लावला. तो अकरा वर्षें झगडला. शेवटीं १८५७ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊपैकीं सात न्यायाधीशांनीं त्याच्याविरुद्ध निकाल दिला. मुख्य न्यायाधीश टॉनी यांनीं तर असें सांगितलें कीं, गुलामांच्या वंशांतील काळा मनुष्य या देशाचा नागरिकच होऊं शकत नाहीं, तेव्हां त्याला दावा लावण्याचाही हक्क नाहीं. घटना होती, न्यायालय होतें, तहहयात न्यायाधीश होते. आणि अन्याय त्यांच्याच शिक्क्यानें झाला.

हा निकाल पुसला कोणीं? न्यायालयानें नव्हे, तर लोकांनीं. १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध झालें. रक्ताचे पाट वाहिले. मग घटनेंत दुरुस्त्या झाल्या. १८६५ च्या दुरुस्तीनें गुलामगिरी संपविली, १८६८ च्या दुरुस्तीनें नागरिकत्व व कायद्याचें समान संरक्षण दिलें, आणि १८७० च्या दुरुस्तीनें वर्णावरून मताचा हक्क नाकारण्यास बंदी केली. दुरुस्ती सोपी नसते. दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतें व शिवाय तीन-चतुर्थांश राज्यांची संमति लागते. आजवर अशा २७ दुरुस्त्याच झाल्या आहेत.

तरीही १८९६ सालीं न्यायालयानें काळ्यागोऱ्यांचे आगगाडीचे डबे निराळे ठेवणें कायदेशीर ठरविलें. नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें 'निराळ्या शाळा म्हणजे समान शाळा नव्हत' असा निकाल देण्यास १९५४ साल उजाडलें. आणि तोही निकाल कागदावरून शाळेच्या दारापर्यंत आपोआप चालत गेला नाहीं. १९५७ सालीं लिटल रॉक गांवीं नऊ काळ्या मुलांना शाळेंत पोंचविण्यासाठीं अध्यक्षांना पलटण पाठवावी लागली. निकालाला स्वतःचे पाय नसतात, हें आमच्या लोकांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां दुसरी बाजू ऐका. क्लॅरेन्स गिडियन नांवाच्या एका फटिंग माणसावर फ्लोरिडा राज्यांत १९६१ सालीं घरफोडीचा आरोप आला. जवळ पैसा नाहीं, म्हणून त्यानें सरकारकडे वकील मागितला. तो मिळाला नाहीं. शिक्षण बेताचें, तसाच स्वतः उभा राहिला आणि पांच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगांतून त्यानें शिसपेन्सिलीनें सर्वोच्च न्यायालयाला अर्ज लिहिला. १९६३ सालीं नवांच्या नवांनीं निकाल दिला कीं, गंभीर गुन्ह्याच्या आरोपांत गरीबाला सरकारी खर्चानें वकील मिळालाच पाहिजे. फेरखटल्यांत वकील मिळतांच पंचांनीं त्याला निर्दोष सोडलें. मनुष्य तोच आणि आरोपही तोच. फरक पडला तो शेजारीं कायदा जाणणारा उभा होता म्हणून.

तेथील न्यायालयें म्हणजे देव्हाऱ्यांतील देव आहेत, असें आम्ही म्हणत नाहीं. गर्भपाताचा जो हक्क घटनेंत आहे असें त्या न्यायालयानें १९७३ सालीं सांगितलें होतें, तो घटनेंत नाहीं असें त्याच न्यायालयानें २०२२ सालीं सांगितलें. कोणाचें खरें, यावर तेथें अजून वाद चालू आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, जें नऊ माणसें देतात तें नऊ माणसें परतही घेऊं शकतात. म्हणून न्यायाधीशांवर भरंवसा टाकून रयतेनें निजून राहूं नये.

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, स्कॉट आणि गिडियन दोघेही गरीब होते, दोघेही पायरी चढले. एक हरला; पण त्याच्या हरण्यानें देशाची झोंप उडाली. दुसरा जिंकला, कारण त्याला चार ओळी लिहितां येत होत्या. आमच्या घटनेंतही गरीबाला मोफत कायदेमदतीचें कलम १९७६ च्या दुरुस्तीनें आलें, आणि १९८७ च्या कायद्यानें तालुक्यापर्यंत तशा समित्यांची सोय केली. स्त्रियांना व अनुसूचित जातिजमातींच्या लोकांना तर मिळकतीची अट न लावतां ही मदत मिळते. परंतु जो मागत नाहीं त्याच्या घरीं ती चालत येत नाहीं. तेव्हां अंगठा उठविण्यापूर्वीं कागद वाचून घ्या, मुलीला व मुलाला अर्ज लिहावयास शिकवा, आणि हक्क असेल तेथें ती पायरी भिऊन सोडूं नका.