नवे प्रक्षेपण, जुना संच

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे ते पुणे परिसरात पोहोचले. सिंहगडाच्या नैर्ऋत्येस पसरलेल्या वेल्हे तालुक्याला मात्र या शेजाराचा लाभ सर्वत्र सारखा मिळण्याजोगा नव्हता. दूरचित्रवाणीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आडवा आला की त्यामागे त्यांची सावली पडते. तोरणा आणि राजगडाच्या रांगांनी वेढलेल्या खोऱ्यांत अँटेना कितीही उंच बांबूवर चढवला, तरी डोंगरापुढे त्याचे फारसे चालत नाही.

ही अडचण आकाशातून येणाऱ्या प्रक्षेपणाने दूर केली. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची विनाशुल्क उपग्रह सेवा सुरू झाली. तीच आज डीडी फ्री डिश म्हणून ओळखली जाते. तिचा उपग्रह पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर आहे. पुणे जिल्ह्यातून तो आग्नेयेस, क्षितिजापासून बराच वर असल्याने खोऱ्यातल्या घराची तबकडीसुद्धा डोंगरमाथ्यावरून त्याच्याकडे पाहू शकते. पुढे केबलचेही डिजिटलीकरण झाले. पुणे शहरासाठी त्याची मुदत ३१ मार्च २०१३ होती, तर ग्रामीण भागासाठी ती ३१ मार्च २०१७ पर्यंत आली. प्रक्षेपण असे बदलत गेले, पण घरातला संच पुष्कळदा तोच राहिला. दिवाणखान्यात सपाट पडद्याचा नवा टीव्ही आला, तरी आजी-आजोबांच्या खोलीत किंवा दुकानाच्या गल्ल्यामागे पिक्चर ट्यूबचा जड संच अजून इमाने चालू असतो.

अशा घराला दोन प्रकारचे सल्ले मिळतात. ‘आता सगळे एचडी झाले, जुना टीव्ही काढून टाका’, हा पहिला. ‘टीव्ही राहू द्या, फक्त एचडी पॅक घ्या, चित्र स्पष्ट होईल’, हा दुसरा. दोन्हींत पैसा ग्राहकाचाच जातो. म्हणून दोन्ही सल्ले हिशेबाच्या वहीवर पारखून घेणे योग्य.

मूळ फरक आकड्यांचा आहे. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत चित्राच्या ६२५ रेषा असतात आणि त्यांपैकी ५७६ प्रत्यक्ष चित्रासाठी वापरल्या जातात. डिजिटल स्वरूपात हे एसडी चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० बिंदूंचे होते. पूर्ण एचडी चित्र १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदूंचे असते. बिंदू बरोबर पाचपट झाले. जुन्या संचाला एचडी चित्र दिले तर सेट टॉप बॉक्स ते आधी ५७६ रेषांत बसवतो आणि मगच पडद्याकडे पाठवतो. पानशेत धरण काठोकाठ भरले, तरी घरातल्या नळाला तोटीएवढेच पाणी येते, तसाच हा प्रकार. मूळ चित्र चांगले असल्याने एचडी वाहिनी जुन्या पडद्यावर एसडीपेक्षा किंचित स्वच्छ दिसू शकते; पण ते एचडी नव्हे.

यातून पहिला व्यावहारिक निष्कर्ष निघतो. केवळ जुन्या संचासाठी एचडी वाहिन्यांचे पैसे भरणे हा निव्वळ तोटा आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये अमलात आलेल्या ट्रायच्या दरव्यवस्थेत नेटवर्क शुल्कासाठी एक एचडी वाहिनी दोन एसडी वाहिन्यांएवढी मोजली गेली. शिवाय वाहिनीची स्वतःची किंमत वेगळी. समजा, एचडीपोटी महिन्याला ८० रुपये जास्त जात असतील, तर वर्षाचे ९६० आणि पाच वर्षांचे ४,८०० रुपये होतात. आणि पडद्यावर त्याची पावती दिसत नाही. वाहिन्या एकेक निवडण्याची मुभा त्याच व्यवस्थेने ग्राहकाला दिली आहे. म्हणून बिलावरील वाहिन्यांची यादी वर्षातून एकदा तरी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून वाचावी.

याची उलट बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. मोठा नवा टीव्ही आणला, पण बॉक्स आणि वाहिन्या एसडीच राहिल्या, तर तेच ५७६ रेषांचे चित्र मोठ्या पडद्यावर ताणले जाते आणि जुन्या संचापेक्षाही पुसट वाटते. पुष्कळ घरांतला ‘नव्या टीव्हीला मजा नाही’ हा सूर येथून निघतो. दोष टीव्हीचा नसतो. वाहिनी, बॉक्स, तार आणि पडदा या चारांचा मेळ बसलेला नसतो.

आता जोडणीकडे वळू. जुन्या संचाच्या मागे किंवा बाजूला तीन गोल छिद्रे असतात: पिवळे चित्राचे, पांढरे आणि तांबडे आवाजाचे. काही संचांत आवाजाचे एकच छिद्र असते. तेवढ्यानेही काम भागते. अनेक एचडी बॉक्सना एचडीएमआयबरोबर ही एव्ही जोडणीही असते. काहींत तिन्हींऐवजी हेडफोनसारखे एकच बारीक छिद्र असते आणि त्याची तार वेगळी मिळते. या तारांची आतली रचना सर्वांची सारखी नसते. पिवळी पिन लावून चित्र न येता नुसती घरघर ऐकू आली, तर पिवळी आणि तांबडी यांची अदलाबदल करून पाहावी. बहुधा तेवढ्यानेच काम होते.

बॉक्सला फक्त एचडीएमआय असेल तर काहीशे रुपयांत मिळणारा कन्व्हर्टर लागतो. तो घेताना तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे दिशा: ‘एचडीएमआय ते एव्ही’ आणि ‘एव्ही ते एचडीएमआय’ ही दोन वेगळी यंत्रे आहेत, आणि एकाच्या जागी दुसरे चालत नाही. दुसरी म्हणजे त्यावरील बटण: ते ‘पाल’वर असावे, कारण भारतातील जुने संच त्या पद्धतीचे आहेत, ‘एनटीएससी’वर राहिले तर चित्र कृष्णधवल दिसू शकते किंवा वरखाली सरकत राहते. तिसरी म्हणजे परत करण्याची सोय: काही वाहिन्यांच्या नकलविरोधी कुलपामुळे साधा कन्व्हर्टर कोरा पडदा दाखवतो, आणि ते घरी जोडल्यावरच कळते. एव्हीची छिद्रेही नसलेल्या, केवळ अँटेनाची जागा असलेल्या संचासाठी मॉड्युलेटर नावाची डबी मिळते. पण इतक्या जुन्या संचावर आणखी खर्च करण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

चित्र आले, तरी आकाराचा प्रश्न उरतो. जुना पडदा ४:३ प्रमाणाचा, नवे चित्र १६:९ चे. बॉक्सच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा आकार ४:३ निवडला की साधारणपणे दोन पर्याय मिळतात. संपूर्ण चित्र ठेवले तर वर-खाली काळे पट्टे येतात आणि पडद्याचा चौथा हिस्सा रिकामा जातो. ५७६ पैकी ४३२ रेषाच चित्राला उरतात आणि अक्षरे बारीक होतात. मधला भाग घेतला तर पडदा भरतो, पण दोन्ही कडांचा एकेक अष्टमांश कापला जातो. क्रिकेटचा धावफलक किंवा शेअर बाजाराच्या भावपट्टीचे टोक त्यातच जाऊ शकते. सेटिंग १६:९ वरच राहिले तर माणसे उभट आणि किडकिडीत दिसतात. घरातल्या वृद्धांची दृष्टी आणि त्यांची आवड पाहून पर्याय ठरवावा, आणि तो त्यांना विचारूनच ठरवावा.

वेल्ह्यासारख्या धुवांधार पावसाच्या भागात आणखी एक खबरदारी हवी. तबकडीवर येणाऱ्या लहरींना दाट पाऊस शोषून घेतो. पूर्वी क्षीण सिग्नलने चित्र मुंग्या आल्यासारखे होई. डिजिटल चित्र आधी चौकोनांत तुटते आणि मग एकदम नाहीसे होते. पाऊस ओसरल्यावर चित्र परत येत असेल तर संचही निर्दोष आहे आणि बॉक्सही. ऐन आषाढात ‘टीव्ही गेला’ म्हणून नवा घेण्याची घाई करू नये. तबकडीची दिशा आणि तारेच्या जोडातले पाणी आधी पाहावे. तसेच एमपीईजी-२ प्रकारच्या जुन्या बॉक्सवर एमपीईजी-४ च्या वाहिन्या उमटत नाहीत. तेथे बदलायचा असतो तो बॉक्स, टीव्ही नव्हे.

दुकानात जुना संच सीसीटीव्हीसाठी लावण्याची पद्धत आहे. ती काटकसरीची आणि बहुतांशी योग्य आहे. जुन्या पडद्यावर चेहरा किंवा नोटेचा आकडा स्पष्ट दिसला नाही, तरी नोंद बिघडत नाही. डीव्हीआर आपल्या ठरलेल्या स्पष्टतेनेच साठवत असतो. प्रसंग पडल्यास तीच नोंद चांगल्या पडद्यावर पाहता येते.

मग जुना संच निरोपास कधी पात्र होतो? विजेच्या बचतीसाठी तरी नव्हे. समजा, जुना संच ८० वॅटचा आणि नवा ४० वॅटचा आहे व रोज पाच तास चालतो. महिन्याला सहा युनिट वाचतील. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाचे ७२० रुपये झाले. दहा हजारांचा टीव्ही एवढ्या बचतीतून फेडायला सुमारे चौदा वर्षे लागतील. पण ट्यूब मंद होऊन रंग फिके पडले, दुरुस्तीचे सुटे भाग मिळेनासे झाले किंवा बारीक अक्षरांमुळे वृद्धांच्या डोळ्यांवर ताण येऊ लागला, तर मात्र खर्चाकडे पाहू नये. नवा संच घेताना वाहिन्याही त्याला साजेशा घ्याव्यात आणि जुन्या रिमोटची सवय असलेल्यांना नवा रिमोट शांतपणे शिकवावा. दिवसाचा बराच वेळ ज्यांची सोबत टीव्हीच करतो, त्यांच्या खोलीत तो आठ दिवस बंद राहणे ही लहान गोष्ट नाही.

निरोप देतानाही जबाबदारी संपत नाही. पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसे असते, आणि संच बंद केल्यानंतरही आत हजारो व्होल्टचा दाब काही काळ टिकू शकतो. म्हणून तो घरी उघडू नये आणि काच फोडून तांबे काढणाऱ्याच्या हाती देऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तूंची विल्हेवाट नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्रांमार्फत व्हायची असते. नवा टीव्ही देणाऱ्या दुकानदाराला ‘जुना कोठे जाणार?’ हा प्रश्न अवश्य विचारावा.

व्यापारी घराला नव्याचे वावडे नसते आणि जुन्याचा मोहही नसतो. जमा-खर्चाची दोन्ही पाने पाहून निर्णय घेण्याची त्याला सवय असते. टीव्हीच्या बाबतीत त्या निर्णयाआधीची तपासणी दहा मिनिटांची आहे: बिलावर वाहिनी कोणती, बॉक्स कोणता, तार कोणती आणि पडदा केवढ्याचा.