दमा वाढला का, हा प्रश्न नंतरचा

‘हल्ली मुलांना दमा फार होतो, आमच्या वेळी नव्हता,’ असं पालक ठामपणे सांगतात. भारतातले आकडे मात्र तसं म्हणत नाहीत. ग्लोबल अस्थमा नेटवर्कची भारतातली पाहणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ६-७ आणि १३-१४ वर्षांच्या मिळून सुमारे ४६ हजार मुलांची माहिती आहे. मागच्या १२ महिन्यांत छातीतून शिटीसारखा आवाज आलेली मुलं दोन्ही वयोगटांत ३ ते ४ टक्के निघाली. आधीच्या ‘आयझॅक’ पाहणीपेक्षा हे प्रमाण कमीच आहे.

म्हणजे सगळं ठीक? अजिबात नाही. या पाहणीत ‘दमा आहे का?’ एवढंच विचारून थांबत नाहीत, लक्षणं विचारतात. म्हणूनच खरी गोष्ट कळली: लक्षणं असलेल्यांपैकी ८२ टक्के लोकांना दम्याचं निदान झालेलंच नव्हतं. तीव्र लक्षणं असणाऱ्यांतही ७० टक्के! जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्यामुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी ४२ टक्के आपल्याकडे होतात.

फिनलंडमध्ये याच्या उलट चित्र आहे. तिथे लष्करी सेवेसाठी तपासलेल्या तरुणांमध्ये दम्याचं प्रमाण १९६६ मध्ये ०.२९ टक्के होतं, १९८९ मध्ये १.७९ टक्के झालं. सहापट. मग १९९४ मध्ये त्यांनी राष्ट्रीय कार्यक्रम आखला: लवकर निदान, आणि पहिल्यापासून श्वासनलिकेची सूज कमी करणारं औषध. रुग्ण काही कमी झाले नाहीत. पण दम्यासाठी रुग्णालयात काढलेले दिवस १९९३ मधल्या सुमारे १ लाख १० हजारांवरून २००३ पर्यंत ५१ हजारांवर आले.

आपल्याकडे अडतं कुठे? माझ्या मते, शब्दापाशी. ‘दमा’ म्हटलं की आईवडिलांचा चेहरा उतरतो (मुलगी असेल तर लग्नापर्यंत विचार जातो), म्हणून आम्ही डॉक्टरही ‘बाळदमा’, ‘अ‍ॅलर्जीचा खोकला’ असं काहीतरी म्हणून सिरप लिहून देतो. पंपाची सवय लागते ही भीती तर घरोघरी. खरं तर पंपातलं औषध थेट फुप्फुसात जातं, त्यामुळे मात्रा अगदी थोडी, मायक्रोग्रॅममध्ये पुरते. सवय लागत नाही.

मुलाचा खोकला रात्री किंवा पहाटे वाढत असेल, खेळताना, हसताना धाप लागत असेल, दर पावसाळ्यात, हिवाळ्यात तेच होत असेल, तर पुढच्या भेटीत तुम्हीच सरळ विचारा: ‘डॉक्टर, हा दमा आहे का?’